आईबाबा जर्मनीला येणार आहेत: व्हिसापासून खिडकीच्या मुठीपर्यंत

जर्मनीत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली, घर नीट लागलं, सोफा आला, की फोनवर एकच विषय सुरू होतो, आता आम्ही कधी येऊ? आम्ही दोघं स्टुटगार्टला राहतो. बॉश, मर्सिडीज, पोर्शे यांच्यामुळे इथे पुणे-मुंबईकडची बरीच मंडळी आहेत, मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून एकमेकांची सिस्टर सिटी आहेत, त्यामुळे दर उन्हाळ्यात ट्राममध्ये कुणाचे ना कुणाचे आईबाबा दिसतातच, बाबांच्या डोक्यावर कॅप, आईच्या पंजाबी ड्रेसवर नवं कोरं जॅकेट. नवीन आलेले बरेच जण मला याच गोष्टी परत परत विचारतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

माझं म्हणणं तसं एकच आहे. आईबाबा इथे आल्यावर पहिल्या आठवड्याभरात त्यांना एकटं घराबाहेर पडून एकटं परत येता आलं पाहिजे. पॅरिस, स्वित्झर्लंड, ट्यूलिप सगळं नंतर. हे जमलं तर तीन महिने मजेत जातात, नाही जमलं तर दोन शहाणीसुरती माणसं तुमच्या दोन खोल्यांत बसून संध्याकाळची वाट बघत राहतात आणि महिन्याभरात म्हणतात, तिकीट आधीचं करता येईल का रे. खालच्या सगळ्या पायऱ्या तिथपर्यंत पोचायलाच आहेत.

पायरी १: आधी तुम्ही दोघं बोला

तारखा बघायच्या आधी एक संध्याकाळ दोघांनी बसून ठरवा. कोणाचे आईबाबा आधी, किती दिवस, बेडरूम त्यांना द्यायची की हॉलमध्ये सोफाबेड, कोण कधी सुट्टी काढणार, होम ऑफिसच्या दिवशी मीटिंग कुठल्या खोलीत घ्यायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरकाम. एरवी इथे दोघं मिळून स्वयंपाक करतात, व्हॅक्यूम मारतात, कपडे वाळत घालतात, पण सासूबाई आल्या की सुनेला न सांगताच वाटायला लागतं की आता ओटा आपल्याकडे, आणि नवराही आईसमोर जरा सोफ्यावर रेलतो. हे होऊ द्यायचं नाही. नवऱ्याचे आईबाबा येणार असतील तर हा विषय नवऱ्यानेच काढावा आणि पहिल्या सकाळचा चहाही त्यानेच करावा, आईला एक-दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं मग तीच फोनवर मावशीला कौतुकाने सांगते की आमचा हा आता कणीक सुद्धा मळतो. मुलीचे आईबाबा येणार असतील तर जावयाने उगाच पाहुण्यासारखं वागू नये, बाबांना घेऊन दुकानात जावं, काम सांगावं.

दोन्हीकडच्यांना एकदम बोलवावं का? छोट्या घरात नको. बाळंतपणासाठी येणार असतील तर बहुतेक जण पाळी लावतात, आधी मुलीचे आईबाबा आणि ते गेले की मुलाचे. पण तेही बाळाच्या आईला विचारून ठरवा, तिला त्या वेळी कोण जवळ हवंय हे तिने सांगायचं.

पायरी २: ९० दिवसांचं गणित

आईबाबांना शेंगेन व्हिजिटर व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्यात आल्याचा दिवस धरतात, गेल्याचाही धरतात. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत. १ मे ते ३१ जुलै मोजा, ९२ होतात. तिकीट काढताना बोटावर मोजू नका, कॅलेंडर घ्या आणि परतीला चार-पाच दिवसांची मोकळीक ठेवा, कारण विमान रद्द झालं किंवा कोणी आजारी पडलं तर ते दिवस लागतात. पुढे मुक्काम वाढवून मिळणं फक्त खरोखरच्या अडचणीतच शक्य असतं, नातवाचं बारसं राहिलंय हे कारण चालत नाही.

कधी बोलवायचं? मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा तुम्ही ऑफिसातून आलात तरी बाहेर पडता येतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, ख्रिसमस मार्केट सुंदर असतं ते खरं पण ते आठ-दहा संध्याकाळींपुरतं, बाकी वेळ गुडघे दुखणाऱ्या माणसाला बर्फात कुठे नेणार. पेन्शनवाले असतील आणि नोव्हेंबर मध्ये येत असेल तर हयातीच्या दाखल्याचं निघायच्या आधीच बघून ठेवा, जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतं पण त्यासाठी आधारचा, बँकेचा नंबर वगैरे हाताशी हवा.

पायरी ३: तुमच्या बाजूचा कागद

इथे एक कागद आहे, फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. नाव मोठं आहे, अर्थ सोपा, की माझ्या पाहुण्यांचा सगळा खर्च मी उचलेन. आपल्या गावच्या आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांची कामं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात जाऊन करायचा, फी २९ युरो. शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, घराचा करार, पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट आणि आईबाबांच्या पासपोर्टची माहिती लागते, शिवाय प्रत्येक शहराची स्वतःची यादी असते ती आधी बघा. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटलाच कित्येक आठवडे जातात म्हणून या कामापासून सुरुवात करायची, विमानाच्या तिकिटापासून नाही. कागद हातात आला की तिथल्या तिथे एक ओळ तपासा, तुमची आर्थिक ऐपत ‘नाखगेवीझन’ म्हणजे सिद्ध झाली असं लिहिलंय ना. नुसती ‘ग्लाउबहाफ्ट’ म्हणजे पटण्याजोगी असं लिहिलं असेल तर व्हिसाच्या वेळी प्रश्न येऊ शकतो.

ओरिजिनल कागद भारतात पोचवावा लागतो. कुरिअर करा किंवा कोणी ओळखीचं जात असेल तर त्याच्या हातात द्या, फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांच्या आत तो व्हिसासाठी वापरायचा असतो.

आणि सही करताना समजून करा. ही जबाबदारी पाच वर्षांची असते आणि त्यात आजारपणाचा खर्चही येतो. इन्शुरन्समध्ये पैसे वाचवू नका असं मी पुढे सांगणार आहे ते याच्यामुळेच.

पायरी ४: आईबाबांची फाइल

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावा लागतो, पण एप्रिल ते जून व्हीएफएसला, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या एजन्सीकडे गर्दी असते, त्यामुळे दोन-तीन महिने हातात ठेवा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, व्हीएफएसचे पैसे वेगळे. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, कधी ४५ दिवसांपर्यंत ताणतो.

फाइलमध्ये काय, तर पासपोर्ट, फोटो, इन्शुरन्स, तिकिटाचं बुकिंग, तुमचं निमंत्रणपत्र, तो वरचा कागद, तुमच्या पासपोर्टची आणि परमिटची कॉपी, बँक स्टेटमेंट, पेन्शनचे किंवा आयटी रिटर्नचे कागद. नातं दाखवायला तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान चालून जातं, त्यावर आईवडिलांची नावं असतात. मुलीने लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी लावा, नाहीतर कुलकर्णी आडनावाच्या आईवडिलांची देशमुख आडनावाची मुलगी कशी हे समोरच्याला कळायला काही मार्ग नसतो. परत जाणार आहोत हे दिसेल असं काहीतरीही हवं. घराचे कागद, सातबारा, एफडी, नोकरी चालू असेल तर रजेचं पत्र.

व्हिसा आला की लगेच स्टिकर वाचा. कधी ९० मागितलेले असतात आणि कमी दिवस मिळतात. ‘मुक्कामाचे दिवस’ आणि ‘व्हिसाची मुदत’ हे दोन वेगळे आकडे आहेत, मुदत थोडी जास्त असते म्हणून तितके दिवस राहता येतं असं नाही.

पायरी ५: इन्शुरन्स आणि औषधं

व्हिसासाठी ३०,००० युरोचं कव्हर किमान लागतं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालणारं हवं. पण ती झाली अट पुरी करण्यापुरती गोष्ट. साठीच्या पुढच्या माणसाला मी त्याहून मोठं कव्हर घ्यायला सांगते, आणि पॉलिसीत एकच गोष्ट शोधायला सांगते, की आधीपासून असलेल्या आजारामुळे अचानक काही झालं तर ते धरतात का आणि किती रकमेपर्यंत धरतात. बीपी, शुगर नसलेले आईबाबा किती जणांचे असतात? स्वस्त पॉलिसीत हीच ओळ गाळलेली असते. आणि घेताना बीपी-शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी जुनी प्रिस्क्रिप्शनं मागतात.

औषधं पूर्ण मुक्कामाची घेऊनच यायची, वर थोडी जास्त. स्वतःच्या वापराची तीन महिन्यांपर्यंतची औषधं आणता येतात. इथे बीपीच्या गोळ्या, अँटिबायोटिक काहीच डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटात नसते, आपोथेकेमध्ये म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळते. डॉक्टरांकडून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या ज्यात कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम आहेत, कारण भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या फार्मासिस्टला काही सांगत नाही. निम्मी औषधं हातातल्या बॅगेत, इन्सुलिन असेल तर सगळं हातातल्याच बॅगेत. यायच्या आधी दात आणि डोळे तपासून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी बरोबर ठेवा.

पायरी ६: बॅगेत काय नको

इथे आईशी थोडा वाद होतोच, तिला सगळंच पाठवायचं असतं. पण नियम सरळ आहेत. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, म्हणजे घरचं तूप, पेढे, बर्फी, पनीर नाही. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी नाही आणि कढीपत्त्याची जुडी पण नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भारतातल्या विमानतळावरच काढून ठेवतात, त्यात तेल असतं, पेट घेण्याचा धोका म्हणून. आणि दुबई-अबुधाबीकडून येणार असतील तर खसखस अजिबात नको, तिथे ती बेकायदेशीर आहे, गोडा मसाल्यातही आधी विचारून घ्या घातलीय का.

काय आणावं मग? गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम, कुळथाचं पीठ, बिनदुधाचे लाडू, चिवडा, लोणचं नीट सील करून. डाळ-तांदूळ आणू नका, कणीक, पोहे, साबुदाणा इंडियन शॉपमध्ये मिळतो, भेंडी, मेथी, कोथिंबीर टर्किश दुकानात. श्रीखंडाला चक्का टांगायचीही गरज नाही, इथला क्वार्क घेतला की झालं. अंगावरच्या नेहमीच्या दागिन्यांवर थांबा, नवं सोनं नको, विमानाने येताना ४३० युरोच्या वरचा माल कस्टमला सांगावा लागतो.

निघताना भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. दूध, पेपर बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून, एक किल्ली शेजारी.

पायरी ७: विमानतळ

शक्य असेल तर मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिक घ्या, भले थोडं महाग पडो, आणि त्यांना घ्यायला तिथपर्यंत जा. फ्रँकफर्ट एअरपोर्टवरून स्टुटगार्टला फास्ट ट्रेन सव्वा तासात येते. तिकिटाबरोबर व्हीलचेअर असिस्टन्स मागून घ्या. बाबा म्हणणार मला काय धाड भरलीय, पण फ्रँकफर्टला चालायचं अंतर खूप आहे, इमिग्रेशनची रांग लांब असते आणि असिस्टन्सवाला माणूस सोबत असला की कुठे वळायचं हा प्रश्नच राहत नाही.

हातात एक प्लास्टिकचा फोल्डर द्या. त्यात निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट, इन्शुरन्स, त्या जर्मन कागदाची कॉपी, तुमचा पत्ता-फोन मोठ्या अक्षरात. इमिग्रेशनला तीनच प्रश्न येतात, कोणाकडे, किती दिवस, परत कधी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात टप्प्याटप्प्याने नवी एंट्री-एक्झिट सिस्टिम आलीय, त्यात शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, हे आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत.

पायरी ८: घर समजावून सांगा, खरंच हात धरून

इथे घाई करू नका. आपल्याला वर्षभरात जे अंगवळणी पडलं ते त्यांना एका दुपारी शिकायचं असतं.

दार. हे सगळ्यात आधी. इथलं मुख्य दार बाहेरून मुठीने उघडत नाही, नुसतं ओढलं गेलं तरी बंद होतं. आई कचरा टाकायला खाली जाते, वाऱ्याने दार लागतं, फोन आत, किल्ली आत, पायात स्लिपर. किल्लीवाल्याला बोलावलं तर बरेच युरो जातात, रात्री आणि रविवारी तर फारच. म्हणून आईबाबांसाठी वेगळी किल्ली, तिला जाड गोफ, आणि गळ्यात किंवा दाराजवळच्या हुकला, पण कायम एकाच जागी. जादा किल्ली एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे. आणि त्यांच्या हातून दार चार-पाच वेळा उघडून-बंद करून घ्या, कारण कुठल्या कुलपाला दोन वेढे लागतात, कुठे दार जरा स्वतःकडे ओढावं लागतं, हे सांगून कळत नाही.

खिडकी. मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, आणि वर केली की अख्खी खिडकी वरच्या बाजूने आत झुकते. पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस दोन्ही हातांनी काच धरून हाका मारतो, त्याला वाटतं खिडकी निखळली. आधी करून दाखवा. आणि फोडणी झाल्यावर, आंघोळीनंतर पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापतात.

बाथरूम. शॉवरची जागा सोडली तर बाकीच्या फरशीला पाणी जायला जाळीच नसते. बादली-तांब्याची आंघोळ करायची असेल तर टबात किंवा शॉवरच्या जागेत, बाहेर सांडलं तर ते खालच्या घरात उतरू शकतं. कमोडला हँड शॉवर प्लंबरकडून बसवून घ्या, नाही जमलं तर मग्गा ठेवा. घसरू नये म्हणून रबरी मॅट आणि पकडायला हँडल लावाच.

शेगडी. काचेची असते, बटणं टचची, ओल्या हाताला दाद देत नाहीत. बंद केल्यावरही काच तापलेली असते आणि तिथे लाल खूण दिसते, ती जाईपर्यंत हात नाही, प्लास्टिकचा डबा नाही. शेगडी इंडक्शनची असेल तर कुकर इंडक्शनचाच हवा. भारतातला मिक्सर इथे चालतो, फक्त पिनचा ॲडॅप्टर लावायचा, पण रात्री दहानंतर आणि पहाटे सहाच्या आत मिक्सर, व्हॅक्यूम, वॉशिंग मशीन नाही. रविवारीही व्हॅक्यूम नाही. आई पाचला उठून चटणी वाटते हा तिचा चाळीस वर्षांचा नेम असतो, तेव्हा तिला कारण सांगा, नुसतं नको म्हणू नका. उदबत्ती लावायची जागा स्मोक अलार्मपासून लांब ठेवा.

कचऱ्याचे डबे चार. त्यांना एकदम सगळं सांगण्यापेक्षा प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी लावा. प्लास्टिकच्या बाटल्या फेकायच्या नाहीत, पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं आणि सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये परत मिळतं. हे काम बाबांना द्या, आनंदाने करतात. आमच्या भागात केऱवोखेही असते, म्हणजे आठवडा वाटून जिना झाडायचा, आणि तेही काम घरच्या मोठ्यांना आवडतं, जिन्यात चार माणसं भेटतात.

ओट्यावरचे डबे आई दुसऱ्या दिवशी आपल्या पद्धतीने लावणार. लावू द्या. साखर कुठे गेली हे तिला विचारावं लागलं तर बिघडत नाही, तिलाही या घरात स्वतःची जागा लागते.

पायरी ९: एकटं बाहेर, एकटं परत

पहिला दिवस आराम. उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे जेटलॅग फार नसतो, फक्त पहाटे लवकर जाग येते. दुसऱ्या दिवशी घर ते बेकरी आणि सुपरमार्केट, पायी, रमतगमत. जाताना वळणावरच्या खुणा त्यांनाच शोधू द्या, लाल छपराचं घर, चर्चचा टॉवर, पिवळी पोस्टाची पेटी. येताना ते पुढे आणि तुम्ही मागे. त्याच्या पुढच्या दिवशी ट्रामने श्लॉसप्लाट्झला, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकात, पुन्हा येताना ते पुढे. स्टॉप कुठला, दिशा कुठली, दार उघडायला बटण दाबावं लागतं, हे सगळं त्यांनी करायचं. मग एक दिवस तुम्ही दोन डबे मागे बसा, आणि त्यानंतर ते दोघंच जाऊ देत.

तिकिटाचं नीट सांगा. इथे स्टेशनला गेट नसतात म्हणून फुकट वाटतं, पण साध्या कपड्यातले चेकर येतात आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. सगळ्यात सोपं म्हणजे डॉइचलांड-टिकेट, २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ युरो, देशभरच्या लोकल, ट्राम, बस, रीजनल ट्रेनला चालतं, फास्ट आयसीईला नाही. नावावर असतं म्हणून दोघांना वेगवेगळं काढा, पासपोर्ट किंवा त्याची कॉपी सोबत द्या. ते सबस्क्रिप्शन असतं, शेवटच्या महिन्यात १० तारखेच्या आत कॅन्सल करायला विसरू नका.

फोनमध्ये मॅप्सवर ‘घर’ सेव्ह करा, व्हॉट्सॲपचं लोकेशन कसं पाठवायचं ते शिकवा. इथलं सिम पासपोर्ट दाखवून घेता येतं, पण तुमच्या नावावर एखादं प्रीपेड आधीच घेऊन ठेवलं तर पहिल्या दिवसापासून चालू. पाकिटात एक कार्ड, त्यावर पत्ता, तुमचे दोघांचे नंबर आणि जर्मनमध्ये टाइप केलेलं वाक्य, की आम्हाला जर्मन येत नाही, कृपया या नंबरवर फोन करा. बॅटरी संपते, कार्ड संपत नाही. शिवाय तीन शब्द शिकवा, हालो, डांके म्हणजे धन्यवाद, आणि जिन्यात कोणी भेटलं तर ग्र्यूस गॉट. आमच्या भागातले लोक जिन्यातला नमस्कार फार मानतात, न बोलता पुढे गेलेलं त्यांना आवडत नाही.

पैसे हातात द्या. आठवड्याचे पन्नास-साठ युरो एका पाकिटात घालून, हिशोब न विचारता. युरो म्हणजे साधारण शंभर रुपये, त्यामुळे दुकानात प्रत्येक गोष्टीला दोन शून्यं लावून बघणार, कोथिंबिरीपाशी थबकणार, आणि इतकी महाग भाजी कशाला म्हणून परत ठेवणार. चिडू नका, किंमती लपवूही नका. आपण इथे कमावतोही त्याच पैशात हे एकदा शांतपणे सांगा. लागेल तेव्हा मागा असं म्हटलं तर आईबाबा कधीच मागत नाहीत, म्हणून पाकीट.

पायरी १०: तुम्ही ऑफिसात, ते घरी

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा खरा मुक्काम असतो. त्याला काहीतरी रोजचं लागतं. बाबांना सकाळचा ब्रेड आणि बाटल्या, आईला दुपारी बागेत चक्कर, एक ठरलेला बाक. वाचणारे असतील तर मराठी पुस्तकं, टीव्हीवर भारतातले चॅनेल आधीच लावून ठेवा. मोठ्या शहरांतून मराठी मंडळं आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तिथे विचारा की अजून कोणाचे आईबाबा आलेत, आणि त्यांची गाठ घालून द्या. दोन जोडपी ओळखीची झाली की मग तुमच्याशिवाय प्लॅन ठरतात, हे मी अनेक घरांत बघितलंय. जेवायला सात लोक येणार असतील तर आईला दोन दिवस आधी सांगा, ती खुलते.

भांडण होईल. चार मोठी माणसं एका बाथरूममध्ये, होणारच. आपापल्या आईबाबांशी आपण बोलायचं हा नियम ठेवा, सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्याला काही सुनवायची वेळ आणू नका. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ दोघं बाहेर जा, आईबाबांनाही थोडं मोकळं वाटतं.

रविवारी दुकानं बंद असतात, बेकरी आणि स्टेशनवरचं एखादं दुकान सोडून, तेव्हा रविवार फिरायला.

पायरी ११: फिरणं

एक दिवस बाहेर, एक दिवस घरी, या हिशोबाने. दहा दिवसांत सात देश नको. आमच्याकडे विल्हेल्मा आहे, प्राणी आणि बाग एकत्र, बसायला भरपूर बाक. लुडविग्सबुर्गचा राजवाडा आणि त्याची फुलांची बाग. मर्सिडीजचं म्युझियम गुडघेदुखीवाल्यांना छान, लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि उताराने बघत खाली यायचं, फक्त सोमवारी बंद असतं. १९५६ चा टीव्ही टॉवर, जगातला पहिला काँक्रीटचा, तिथेही लिफ्ट. लांबच्यात ऱ्हाइनचा धबधबा एका दिवसात होतो, स्वित्झर्लंडमध्ये असला तरी शेंगेन व्हिसा चालतो, पासपोर्ट मात्र जवळ हवाच. पॅरिसला स्टुटगार्टहून ट्रेन तीन तासांच्या थोडी वर घेते, तिथे दोन रात्री तरी राहा. सोबत डबा घ्या, सुटे युरो घ्या, टॉयलेटला लागतात.

पायरी १२: तब्येत बिघडली तर

तीन नंबर फ्रिजवर लावा. ११२ ॲम्ब्युलन्स आणि आग, ११० पोलीस, ११६११७ रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तेव्हा. छातीत दुखणं, बोलताना जीभ जड होणं, एक हात लुळा पडणं, यात तुमच्या ऑफिसला फोन करत बसायचं नाही, थेट ११२. हे आईबाबांना बजावून सांगा, कारण ते मुलाची मीटिंग संपायची वाट बघत बसतात. ११२ ला सांगायचं वाक्य जर्मनमध्ये पत्त्यासकट लिहून त्याच्याच खाली लावा. साध्या आजाराला डॉक्टरकडे बिल आधी भरावं लागतं, पावती आणि रिपोर्ट सगळे जपून ठेवा, पॉलिसीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवा.

पायरी १३: परत जाताना

बॅगेचं वजन आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी करा, चॉकलेटं अंदाजापेक्षा जड असतात. आईबाबा भारतात राहणारे, त्यामुळे त्यांनी केलेल्या खरेदीवरचा टॅक्स परत मिळू शकतो, एका दुकानातलं बिल ५० युरोच्या वर हवं, दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमला वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा. बॅग गेली की मग शिक्का मिळत नाही.

बोर्डिंग पास फेकू देऊ नका, व्हिसाच्या कॉपीबरोबर एका फाइलमध्ये ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सोपा झालाय, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा, ९० दिवसांचा नियम तोच राहतो. त्या वेळी ही फाइल उपयोगी पडते, आणि व्हिसाच्या अर्जाला दिलेले बोटांचे ठसेही जवळपास पाच वर्षं चालतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला बरंचसं काम आधीच झालेलं असतं.